बिल्ला

अप्पा एकतीस वर्षं नोटांच्या कारखान्याच्या फाटकावर होते,
नाशिकरोडला, बहुतेक रात्रपाळी.
चोर कसा ओळखता, असं मी लहानपणी विचारलं
तर म्हणाले, चोराला वेगळं तोंड नसतं, सुलभे.
मी छातीवरचा बिल्ला बघतो.
तो नसला की थांब.
मग रोज माझ्या डब्यातली चटणी खाणारा का असेना.

आता मी म्हसरूळच्या प्रयोगशाळेत
नळीतल्या रक्तातले पहारेकरी मोजते.
नैसर्गिक मारक पेशी. नाव दरोडेखोराचं, काम अप्पांचं.
भेटेल त्या पेशीचं अंग चाचपायचं.
बिल्ला लागला हाताला? जा.
नाही लागला,
विषाणूनं लपवला असेल, गाठीनं गिळला असेल,
मग भोक पाडायचं
आणि पुढची.

माझं सगळं लक्ष त्या चाचपणाऱ्या हातांवर.
माणसाचे हात एका घडणीचे, उंदराचे निराळ्या,
दूरची सोयरीकसुद्धा नाही.
तांबट आळीतल्या कारागिरानं आणि सिन्नरच्या सुतारानं
एकमेकाचं तोंड न बघता
एकच कडी करावी, एकानं पितळेची, एकानं सागाची,
आणि दोन्ही दारं तितकीच घट्ट लागावीत, तसं.
गाईचे हात आपल्यासारखे वाटतात,
पण ते आले दुसऱ्याच चुलत्याच्या वाटणीतून.
कुत्र्याकडे उंदराच्या वळणाचा एकुलता एक.
सीलकडे दोन्ही घराण्यांचा एकेक,
तेवढ्यावर बर्फाच्या समुद्रात त्याचं निभतं.
आणि आपल्यातही उंदराचा तो हात आहे बरं का,
जनुकात लिहिलेला,
मधेच शाई संपलेला.

मार्चमध्ये पंचवटीतल्या सलाउद्दीनच्या टांग्याची घोडी आली,
मोतिया, तापानं फणफणलेली.
सुई टोचताना तिनं माझ्या खांद्यावर जबडा टेकला.
तिच्या रक्तात उंदराच्या वळणाचे पाच-सहा हात,
एवढ्या मोठ्या जनावरात!
मी हसले. सलाउद्दीनला वाटलं, ताप उतरला.

हे सगळं मी डॅनियलला रात्री सांगते.
तो शरणपूरचा, छापखान्यात जुळणी करतो,
उलटी अक्षरं सुलटी वाचतो.
चार वर्षं झाली लग्नाला.
अप्पांच्या घरी मी एकटी जाते,
तो फाटकापाशी स्कूटर बंद करून उभा राहतो.
कुणी त्याला जा म्हटलेलं नाही.
ये म्हटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दोन रेघा उमटल्या.
मी पुस्तकं पुन्हा काढली, ठाऊक होतं तरी.
सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त पहारा
तिथेच असतो, गर्भाशयाच्या अस्तरात.
येणाऱ्याच्या अंगावर अर्धा बिल्ला माझा,
अर्धा बाहेरचा.
हे पहारेकरी चाचपतात त्याला,
माझा अर्धा, परका अर्धा, दोन्ही,
आणि मारत नाहीत.
उलट रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करायला मदत करतात,
वाट रुंद करतात,
की रक्त भरपूर यावं.
कधी कधी हे जमतही नाही.
पुस्तकात तेही आहे, ते पान मी डॅनियलला दाखवलं नाही.

रविवारी अप्पांना विचारलं,
अर्धा बिल्ला असलेला माणूस कधी आत सोडलात?
त्यांनी सुपारी बराच वेळ कातरली.
एकदा, म्हणाले. पावसात भिजून फाटलेला.
नाव गेलेलं, फोटो राहिलेला.
मग?
मग काय. तोंडाकडे बघितलं.
पहिल्यांदाच बघितलं, त्या नोकरीत.
पुढे सांगेनात.
माझ्या पोटाकडे नजर गेली त्यांची, लगेच आडकित्त्यावर आली.

निघताना ते चपला घालून माझ्याबरोबर आले,
फाटकापर्यंत.
डॅनियल स्कूटरवरून उतरून उभा राहिला,
हात कुठे ठेवावेत ते कळेना त्याला.
अप्पा कडीला हात लावून थांबले,
जुन्या सवयीनं
आधी त्याच्या छातीकडे बघितलं,
मग वर.